पंचनामा होईपर्यंत हात लावायचा नाही

आधीच सांगतो, हे 'शिबिरातून मी काय शिकलो' छापाचं लिखाण नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका निवासी शाळेच्या शेतावर ऑफिसच्या लोकांबरोबर श्रमदानाला गेलो होतो, आणि परत आल्यापासून चिडचिड होतेय. शाळेचं नाव देत नाही. तिथल्या मोठ्या ताईंनी बजावलंय, "नाव लिहिलं की लोक बघायला येतात, मग चहा आम्हालाच करावा लागतो."

शाळेत पावरा, बारेला आणि भिल्ल मुलं आहेत. सकाळी वर्ग, दुपारनंतर शेत. केळी, मका, थोडी तूर, दहा-बारा शेळ्या. स्वयंपाकघरात लागणारं बरंचसं तिथेच पिकतं आणि केळीच्या पैशातून वर्षाचे खर्च निघतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मोठी मुलं पाळीपाळीने येऊन राहतात, कारण ठिबकला आणि शेळ्यांना सुट्टी नसते. ऐकायला छान वाटतं, म्हणूनच आमच्या ग्रुपच्या म्होरक्याने ती जागा निवडली. रोपांसाठी खड्डे खणायचे, संध्याकाळी मुलांशी गप्पा, रविवारी परत.

निघायच्या आदल्या दिवशी ताईंचा फोन आला. वादळ झालंय, केळी आडवी झालीये, वीज नाही, आत्ता येऊ नका. म्होरक्याचं उत्तर होतं, "अहो, मग तर आमची जास्तच गरज आहे!"

जळगाव स्टेशनला सकाळी उतरलो तेव्हाच शर्ट पाठीला चिकटला होता. तिथून चोपड्याची एसटी. तापीचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना केळीच केळी सुरू होते. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे बसमध्ये कुणीतरी मोबाइलवर वाचून दाखवलं. पण खिडकीबाहेर काही बागा उभ्या, तर शेजारच्याच पूर्ण झोपलेल्या, हे बघितल्यावर मानांकनाचं काही कुणी पुढे बोललं नाही.

शाळेचा केळीचा तुकडा बांधावर उभं राहून बघितला. सगळी झाडं एकाच दिशेला, पूर्वेकडे, डोकं करून पडलेली. वारा पश्चिमेकडून आला होता, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. केळीचं खोड म्हणजे खरं तर पानांच्या देठांची गुंडाळी. मुळं वरवरची, आणि वर वीसेक किलोचा घड लोंबतोय. वारा अडवायला बांधावर शेवरी लावलेली होती, बांबूचे टेकू होते, तरीही. काही झाडं मधूनच मोडली होती, काही कंदासकट उपटून बाहेर आली होती. घड अजून पुरते भरले नव्हते. पंधरा-वीस दिवस मिळाले असते तर माल निघाला असता, असं शेतीचे सर म्हणाले आणि लगेच दुसरं बोलायला लागले.

आमची मंडळी हातमोजे घालून तयार. ग्रुपचं नाव छापलेले पांढरेशुभ्र टी-शर्ट, सोबत बॅनर. ताई म्हणाल्या, "पंचनामा होईपर्यंत हात लावायचा नाही." पडलेली झाडं उचलली तर नुकसान दिसणार कसं, आणि विम्याचं पुढे होणार कसं? म्हणजे ज्या कामासाठी आम्ही 'जास्तच गरज' म्हणून आलो, ते काम करायचंच नव्हतं. आणि खड्डे खणायला तिथे कुणालाही वेळ नव्हता.

मग मुलं कुठे होती? वरच्या पाड्यावर. तिथल्या सात-आठ घरांचे पत्रे आणि कौलं उडाली होती. शेतीचे सर, स्वयंपाकाच्या मावशी आणि सुट्टीतल्या पाळीची सगळी मुलं वादळाच्या दुसऱ्या दिवसापासून तिकडेच होती. शाळेच्या किचन-शेडचेही पत्रे उडालेले, तिथे मात्र अजून नुसती ताडपत्री टाकलेली.

आता चिडचिडीचा भाग. वीज नसल्यामुळे बोअरची मोटर बंद. पाणी हातपंपावरून, तोही वस्तीच्या पलीकडे. आम्ही पंधरा माणसं, सगळी घामाने चिंब, सगळ्यांना आंघोळ हवी. एकाने विचारलं, जार मिळेल का. कुणीतरी कूलरचं विचारलं, वीज नाही हे माहीत असून. संध्याकाळी पाड्यावरून परत आलेल्या दोन मुली, असतील तेरा-चौदा वर्षांच्या, काही न बोलता हंडे घेऊन निघाल्या. दिवसभर छपरावर कौलं चढवून आलेल्या त्या मुली आमच्या आंघोळीचं पाणी आणायला निघाल्या होत्या. मी आणि आणखी एक जण मागून गेलो, हंडे हातातून घेतले, तर धाकटी म्हणाली, "नको दादा, तुम्ही पाहुणे." हंडा काही सोडेना. शेवटी एक तिच्या डोक्यावर, एक माझ्या खांद्यावर, अशी तडजोड झाली.

आणि त्याच संध्याकाळी, सभागृहात कंदिलाच्या उजेडात, म्होरक्याने साने गुरुजींवर भाषण केलं. भिंतीवर गुरुजींचा फोटो होताच. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये गुरुजी १९२४ ते १९३० शिकवत होते, छात्रालय सांभाळायचे, मुलांच्या खोल्या झाडायचे, कपडे धुवायचे. या भागातल्या प्रत्येक पोराला पाठ असलेली गोष्ट तो त्यांनाच समजावून सांगत होता, त्यांनी वाहून आणलेल्या पाण्याने आंघोळ करून. मुलं फार शिस्तीची, टाळ्या वाजवल्या. मी फौजदारी डाळ आणि कळण्याची भाकरी खाऊन बाहेर अंगणात खाट टाकली. डाळ झणझणीत होती. भाकरीबद्दल लिहायचं तर वेगळी पोस्ट होईल.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणी आलं नाही. मग मोटारसायकलवरून दोघं आले, मोजमाप झालं, फोटो झाले, ताईंच्या सह्या झाल्या. ते गेले आणि तासाभरात पाड्यावरची माणसं उतरायला लागली. बोलावणं वगैरे गेलेलं मी तरी पाहिलं नाही. पंधरा-वीस बायका-पुरुष, हातात आपापले कोयते. खालच्या गावातले एक म्हातारे आबाही आले, त्यांची स्वतःची केळी निम्मी गेलेली. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, बठा सावलीमा. डोकाले ऊन लागी जाई."

मी बसलो नाही, पण कामाचा मालक मी नव्हतो हे पहिल्या दहा मिनिटांत कळलं. पडलेलं झाड सरसकट तोडायचं नसतं. कंदासकट उपटलेलं असेल तर गेलंच, ते बाहेर काढायचं. पण मधून मोडलेलं असेल तर खाली कंद जिवंत असतो आणि त्याच्या भोवती तीन-चार पिलं फुटलेली असतात. त्यातलं एकच ठेवायचं, बाकीची छाटायची, की त्यावर पुढची पीलबाग उभी राहते. कोणतं ठेवायचं हाच सगळा प्रश्न. कालचीच ती धाकटी मुलगी पुढे आणि कोयतेवाले मागे. ती वाकायची, बोटाने दाखवायची, पुढे जायची. आमच्यातल्या एकाने रुंद पानांच्या टवटवीत पिलाकडे बोट दाखवलं, हे ठेवूया म्हणून. ती हसली. रुंद पानांचं पील दिसायला गोंडस, पण बुडाशी बारीक असतं. ठेवायचं ते तलवारीच्या पात्यासारख्या अरुंद पानांचं, बुंध्याशी जाड. तिने दोन्हींच्या बुडाला त्याचाच हात धरून लावला. एक अंगठ्याएवढं, दुसरं मनगटाएवढं. आईचं खोडही अगदी बुडापाशी कापू दिलं नाही तिने. गुडघ्याच्या वर ठेवायचं, त्यातला रस पिलाला जातो. पुस्तकात असेलही हे. पण एवढ्या वेगात, रांगेमागून रांग, एकदाही न थांबता निर्णय घेणारं माणूस मी आमच्या ऑफिसात पाहिलेलं नाही, आणि आमच्याकडे त्यासाठी वेगळा पगार असतो.

केळीचा चीक लागला की डाग जन्मभर जात नाही. पांढऱ्या टी-शर्टांचं काय झालं ते सांगायला नको. बॅनर मात्र कोरा राहिला, कारण फोटोसाठी कुणी थांबेचना. अर्धे-कच्चे घड एका बाजूला रचले, त्यातली बरी केळी बायकांनी वेफर्ससाठी निवडून घेतली, केळफुलं भाजीसाठी, उरलेलं शेळ्यांपुढे. अंधार पडेपर्यंत जवळजवळ निम्मा तुकडा साफ झाला होता.

रात्री ताईंनी एक जाड वही काढली. पाड्यावरच्या कुठल्या घरी शाळेची किती माणसं किती वेळ गेली, आणि त्या घरची किती इकडे आली, सगळं रेघा मारून लिहिलेलं. जुन्या सावडीचाच, म्हणजे एकमेकांच्या कामाला जायच्या रीतीचा, हिशेब, फक्त मुलं अक्षर चांगलं काढतात म्हणून वहीत उतरलेला. मागची पानंही चाळली. कुणाची विहीर खणली, कुणाचं बाळंतपण, तेव्हा शेळ्या कुणी राखल्या. आमच्या ग्रुपचं नाव मात्र त्यात नव्हतं. आमची नोंद दुसऱ्या रजिस्टरमध्ये होती, 'भेट देणारे' या मथळ्याखाली, एका मंत्र्याच्या आणि एका बँकेच्या लोकांच्या मधे.

परतीचा प्रवास लिहिण्यासारखा नाही. बस भरलेली, सगळे झोपलेले.

घरी आल्यावर म्होरक्याने ग्रुपवर टाकलं की पावसाळ्यात पन्नास जणांना घेऊन जाऊया. मी ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पावसाळ्यात नको, चिखलात पन्नास माणसं म्हणजे आमचंच काम वाढेल. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कांदेबागेची, म्हणजे केळीच्याच दुसऱ्या हंगामाची, लावण असते, शिवाय या तुकड्यात जिथे कंद गेले तिथल्या नांग्या, म्हणजे रिकाम्या जागा, भरायच्या असतील. तेव्हा पाच-सहा जण या, कोयता आपापला आणा, आणि पाणी ओढायची तयारी ठेवा. आणि जमलं तर आत्ताच किचन-शेडसाठी पत्रे पाठवा, पाऊस तोंडावर आलाय.

पत्र्यांचे पैसे आम्ही चौघांनी पाठवले. बाकी निरोप मी ग्रुपवर जसाच्या तसा टाकला. दोन निळ्या खुणा सगळ्यांच्या आल्यात. 'येतो' असं आत्तापर्यंत तिघांनी लिहिलंय, म्होरक्या त्यात नाही.