हरकती आणि सूचना

मी सहलीच्या बोटी भाड्याने देतो, आउटबोर्ड इंजिनं दुरुस्त करतो. बोट व्यावसायिकांच्या संघटनेची वर्गणी भरायचो ती विम्यात सवलत मिळते म्हणून. बैठकीला कधी फिरकलो नाही. मग सरकारी नियमाचा एक मसुदा आला. किनाऱ्यालगतच्या अख्ख्या पट्ट्यात सरसकट वेगमर्यादा! हरकती-सूचनांसाठी मुदत ३० दिवस.

त्याच रात्री मी चार पानी निवेदन खरडलं. पोटावर पाय, घोर अन्याय वगैरे. संघटनेच्या सचिवांनी ते वाचून बाजूला ठेवलं आणि विचारलं, "एक फेरी आता किती वेळात होते? नियम लागल्यावर किती वेळ लागेल?" मला सांगता येईना. दोन संध्याकाळी जुन्या वह्या उपसल्या तेव्हा कळलं, ४० मिनिटांची फेरी ७५ मिनिटांवर जाणार, म्हणजे दिवसाच्या सहा फेऱ्यांच्या तीनच उरणार. चार पानांऐवजी या दोन ओळी गेल्या.

सचिवांनी अमेरिकेतला दाखला दिला. देवमाशांना धडक बसू नये म्हणून ६५ फुटांवरच्या जहाजांना ठरावीक हंगामात असलेली १० नॉटची (ताशी सुमारे साडेअठरा किलोमीटरची) मर्यादा ३५ फुटांपासूनच्या बोटींनाही लावायचा प्रस्ताव तिथे २०२२ मध्ये आला. तिथल्या बोटवाल्यांच्या संघटनांनी विरोध केलाच, पण देवमासे हेरणारं तंत्रज्ञान वापरा, असा पर्यायही मांडला. जानेवारी २०२५ मध्ये प्रस्ताव मागे घेतला गेला. "नुसतं 'नको' म्हणणाऱ्याला कोणी बसायला खुर्ची देत नाही," सचिव म्हणाले.

खरी लढाई मात्र आमच्या आमच्यातच झाली. बोटी बांधणाऱ्यांना वेगमर्यादेचं सोयरसुतक नव्हतं. जेट स्कीवाल्याला पूर्ण सूट हवी होती. तीन तास नुसती खडाजंगी. त्यात सचिवांनी गेल्या पाच वर्षांतले अपघातही लिहून मागितले. माझी एक बोट एकदा धक्क्यावर आदळली होती, तीही नोंद द्यावी लागली. मला ते मुळीच पटलं नव्हतं.

सुनावणीत अधिकाऱ्यांनी पहिला प्रश्न अपघातांचाच विचारला. सचिवांनी यादी पुढे सरकवली. बहुतेक अपघात पोहण्याच्या जागेजवळचे होते, आणि आमची मागणीही तीच होती: मर्यादा तिथेच लावा.

अंतिम नियमात जवळपास तेच आलं. जेट स्कीला मात्र सूट मिळाली नाही. तो गडी संघटना सोडून गेला. त्याचा राग मला समजतो. माझी फेरी आता ५० मिनिटांची झालीय, फलक नव्याने रंगवायचा आहे.