खालची बोय आणि माझं सुकाणू

मुंबईच्या शिडाच्या होड्यांच्या शर्यतींत वाऱ्याविरुद्ध चढताना कमावलेले क्रमांक मी खालच्या बोयवर घालवायचे. खालची बोय म्हणजे वाऱ्यासोबत उतरून जिला वळसा घालायचा आणि पुन्हा वाऱ्याविरुद्ध निघायचं, ती पाण्यावर तरंगती खूण. बोयला चिकटून आत शिरायचे, सुकाणू जोरात दाबायचे, आणि वळण पुरं होईपर्यंत होडी कितीतरी बाजूला घसरलेली असायची. मागचा त्या फटीतून आरामात आत. एकदा बोयला लागलेच. त्याची शिक्षा एक पूर्ण गिरकी, त्यात एक टॅक (होडीचं नाक वाऱ्यातून फिरवणं) आणि एक जाइब (मागची बाजू वाऱ्यातून फिरवणं). तेवढ्यात पाच होड्या पुढे गेल्या.

मग ठरवलं, नाशिकला असताना फक्त वळणंच करायची. रीतसर परवानगी काढून माझी जुनी लेझर, म्हणजे एकट्याने चालवायची छोटी शिडाची होडी, गंगापूर धरणावर नेली. वीस लिटरच्या दोन पिवळ्या कॅनना दोरी आणि दगड बांधले, झाल्या बोया. शहराचं पिण्याचं पाणी आहे हे, म्हणून निघताना कॅन, दोरी, दगड सगळं परत उचलायचं. हिवाळ्यातल्या सकाळी वारा नसतो, पाणी हलत नाही, त्यामुळे सराव दुपारनंतर.

पहिले दोन रविवार काहीच सुधारलं नाही. तिसऱ्या रविवारी भाच्याने काठावरून व्हिडिओ काढला आणि म्हणाला, "मावशी, वळताना तुझ्या मागे पाण्याला केवढा फेस येतो बघ." तो फेस म्हणजे माझा मोडलेला वेग होता. आडवं धरलेलं सुकाणू वळवतं कमी आणि ब्रेक जास्त लावतं.

त्यानंतर सुकाणूचा दांडा दोन बोटांत धरायला लागले. बोय डाव्या हाताला, शीड उजवीकडे उघडलेलं. होडी शिडाच्या बाजूला किंचित कलू दिली की नाक आपणहून वाऱ्याकडे वळतं. सुकाणूने फक्त त्यामागे जायचं. सोबत शिडाची दोरी वळणाच्या वेगानेच आत यायला हवी. लेझरची दोरी लांब, माझा हात कमी पडायचा. मग वळायच्या आधीच हातभर-हातभर ओढायला सुरुवात केली. वळण संपतासंपता बाहेर झुकून होडी सपाट करायची, तेव्हा ती जी पुढे झेपावते, ते पोटात जाणवतं! डॅगरबोर्ड, म्हणजे होडीच्या तळातून पाण्यात उतरणारी फळी, मात्र बोयच्या बराच आधी खाली हवा. ऐन वळणात तिसरा हात नसतो.

आणि जागा. आत शिरताना बोयपासून एक-दीड होडी लांब, बाहेर पडताना हात पोचेल इतकं जवळ. मी वर्षानुवर्षं नेमकं उलट करत होते.

वरच्या, म्हणजे वाऱ्याकडच्या टोकाच्या बोयला फार वेळ लागला नाही. तिथे दोरी सैल सोडून होडी आपल्या, म्हणजे वाऱ्याच्या बाजूला कलवली की ती वाऱ्यापासून वळते. दोरी धरून ठेवली तर सुकाणू कितीही ओढा, ऐकत नाही.

धरणाच्या पाण्याला भरती-ओहोटी नाही. मुंबईत परत गेले तेव्हा ओहोटी मला बोयवर ढकलत होती, म्हणून दीडऐवजी दोन होड्यांचं अंतर ठेवलं. खालची बोय वळून मागे पाहिलं. मागचा माझ्या खालच्या बाजूला, वारा जातो तिकडे, माझ्या शिडाने बिघडवलेल्या वाऱ्यात अडकला होता.