पासंग

कोपऱ्यावरच्या मावशींनी तराजू काढून टाकून इलेक्ट्रॉनिक काटा घेतला, त्याला आता सहा-सात वर्षं झाली. तरी त्या काट्यावर भाजी टाकायला लागल्या की माझी नजर सवयीनं दांडी शोधते. दांडी नसते, लाल आकडे असतात.

परवा किलोभर टोमॅटो मागितले. आकडा ९६० वर थांबला. त्यांनी एक टोमॅटो टाकला, तर १.०४५ झाले. तो उचलून त्यांनी जरा बारका शोधला. १.०२०. मग त्या माझ्याकडे बघायला लागल्या आणि मी आकड्याकडे. "असू द्या काका, वीस ग्रॅम जास्तच आहेत," म्हणत त्यांनी टोमॅटो पिशवीत ओतले. चाळीस रुपये किलोच्या भावानं वीस ग्रॅमचे ऐंशी पैसे झाले. त्यांनी ते सोडले आणि मी ते घेतले. आमच्यात उगाचच एक छोटासा व्यवहार होऊन गेला.

तराजू होता तेव्हा याच मावशी शेवटचा टोमॅटो टाकायच्या, पारडं खणकन खाली टेकायचं आणि ते सरळ पिशवीत रिकामं व्हायचं. किती जास्त गेलं ते त्यांना ठाऊक नसे आणि मलाही. झुकतं माप म्हणतात ते हेच. किती झुकलं हे कुणी विचारत नसे, म्हणून कुणी कुणाचं देणं लागत नसे. मावशी आजही तशाच आहेत. फक्त त्यांच्या सढळ हाताला आता आकडा चिकटलाय.

पण 'गेले ते दिवस' म्हणून सुस्कारा टाकणाऱ्यांतला मी नाही. तराजू काय काय करू शकतो हे मी घरातच पाहिलंय. कराडजवळच्या एका गावात माझ्या आजोबांचं किराण्याचं दुकान होतं. छताच्या कडीला मोठा तराजू टांगलेला, गल्ल्याशेजारी छोटा. छोट्याच्या एका पारड्याच्या साखळीत तांब्याच्या तारेचं वेटोळं अडकवलेलं असे. तो पासंग. पारडी कितीही नीट घडवली तरी दोन्ही तंतोतंत सारखी नसतात. शिवाय रोज गूळ-तेलानं माखून एक जड होत जातं. मग हलक्या बाजूला तार, खडा, पत्र्याचा तुकडा काहीतरी अडकवून दांडी सरळ करायची. एखादा माणूस दुसऱ्याच्या 'पासंगालाही पुरणार नाही' असं आपण म्हणतो, तेव्हा त्याची किंमत या वेटोळ्याहूनही कमी लावतो. आजकालची मुलं म्हण वापरतात, पण पासंग दाखवायचा म्हटला तर कुठे दाखवणार?

पासंगानं पारड्यांतला फरक निघतो, दांडीतला निघत नाही, हे मला आजोबांनी शिकवलं. दांडीचा मधला खिळा केसभर जरी बाजूला असला तरी रिकामा तराजू पासंग लावून सरळ दाखवता येतो. माल चढला की मात्र तो खोटं बोलतो. लांब बाजूला माल ठेवला तर कमी माल जास्त वजनाला भारी पडतो. ओळखायचं कसं? पारडी बदलायची. मालाच्या जागी वजन, वजनाच्या जागी माल. खऱ्या तराजूला फरक पडत नाही, खोट्याची दांडी लगेच कलंडते. एखादं संशयी गिऱ्हाईक आलं की आजोबा काही न बोलता पारडी बदलून दाखवत. पुढे शाळेत तरफ शिकताना मला यातली गंमत कळली. अशा खोट्या तराजूवर दुकानदारानं एक किलो या पारड्यात आणि एक किलो त्या पारड्यात तोलून दिला, तर गिऱ्हाइकाला दोन किलोपेक्षा थोडं जास्तच मिळतं. एकीकडे गेलेलं दुसरीकडे व्याजासकट परत येतं. म्हणजे लबाडी करायचीच तर तीही एकाच बाजूला इमानानं चिकटून करावी लागते.

आजोबांनी आधी शेर-छटाक तोलले आणि मग किलो. मापांचा कायदा १९५६ चा. १९५८ च्या ऑक्टोबरपासून नवी वजनं येऊ लागली आणि १९६२ मध्ये शेर-मण व्यवहारातून कायद्यानं बाद झाले. बाद झाले म्हणायचं आपलं, कारण परवा मावशींकडे माझ्या शेजारच्या बाईंनी "पावशेर भेंडी" मागितली आणि मावशींनी २५० ग्रॅम तोलली. खरा पावशेर सुमारे २३३ ग्रॅमचा, कारण शेर ८० तोळ्यांचा आणि तोळा ११.६६ ग्रॅमचा. म्हणजे पावशेरानं कात टाकताना सतरा ग्रॅम कमावले. सोनाराकडच्या तोळ्याचं उलटं झालं. तो बोलीभाषेत आता दहा ग्रॅमचा झाला, दीडेक ग्रॅम गमावून बसला. भेंडी वाढली आणि सोनं घटलं, यात कुणाला काही अर्थ काढायचा असेल तर काढावा.

मावशींच्या काट्यात काय असतं ते मला एका दुरुस्तीवाल्यानं उघडून दाखवलं. वरच्या ताटाखाली अ‍ॅल्युमिनियमचा एक ठोकळा, मधे भोक पाडलेला. त्याला ते लोडसेल म्हणतात. ठोकळ्यावर केसाएवढ्या बारीक तारांच्या नागमोडी पट्ट्या चिकटवलेल्या असतात. ताटावर वजन पडलं की ठोकळा किंचित वाकतो, डोळ्याला दिसणार नाही इतका. पट्ट्या ताणल्या जातात, त्यांचा विद्युतरोध जरासा बदलतो आणि त्या बदलाचा आकडा होतो. बस, एवढंच. चाळीस वर्षं आपण ज्याला तोलणं म्हणत होतो ते तोलणं इथे नाहीच, वाकणं मोजणं आहे. तराजू मालाची तुलना दुसऱ्या वजनाशी करायचा. दोन्ही पारड्यांना पृथ्वी सारखीच ओढते, म्हणून तो मुंबईत काय, दिल्लीत काय, तेच सांगायचा. लोडसेल मात्र पृथ्वी किती ओढते ते मोजतो, आणि दिल्लीत ती मुंबईपेक्षा नखभर जास्त ओढते. मुंबईत जुळवलेला काटा तसाच दिल्लीला नेला तर किलोमागे सुमारे अर्धा ग्रॅम जास्त दाखवेल. भेंडीवाल्यानं यासाठी दिल्ली गाठू नये, रेल्वेचं तिकीटही सुटणार नाही.

काट्याच्या बाजूला एक पत्र्याची पट्टी असते. ती कुणीच वाचत नाही. मावशींच्या काट्यावर लिहिलंय, कमाल ३० किलो, किमान १०० ग्रॅम, ई म्हणजे ५ ग्रॅम. याचा अर्थ काटा पाच-पाच ग्रॅमच्या पायऱ्यांनी चढतो, आणि शंभर ग्रॅमच्या खाली त्याच्या शब्दावर फार विसंबू नये असं त्याच्याच कपाळावर लिहिलेलं आहे. आणि आपण त्याच्यावर वीस ग्रॅम आलं तोलायला सांगून आकड्याकडे डोळे लावून उभे राहतो! मी एकदा मावशींना ती पट्टी वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "काका, आलं तसंच घ्या. तोलायचं कशाला?" आणि एक तुकडा मोडून दिला.

काट्यावर शून्य करायचं एक बटण असतं. सगळ्या गावाचा प्रामाणिकपणा हल्ली त्या बटणाखाली येऊन राहिलाय. आधी रिकामं भांडं ठेवायचं, बटण दाबायचं, मग माल टाकायचा. म्हणजे हा विजेवरचा पासंगच. गेल्या दिवाळीत एका मिठाईच्या दुकानात पोऱ्यानं जाडजूड पुठ्ठ्याचं खोकं काट्यावर ठेवलं आणि बटणाला हात न लावता पेढे भरायला सुरुवात केली. आकड्याची सुरुवात ७५ पासून झाली होती. पेढे ७२० रुपये किलो. चोपन्न रुपयांचा पुठ्ठा! खोक्याचं वजन मालात धरायचं नाही असा नियम आहे, दिवाळीच्या तोंडावर वजनमापं तपासणारे वैधमापनवाले तसं पेपरात सांगतही असतात. मी म्हटलं, "अरे, आधी खोकं शून्य कर." तो गल्ल्यावरच्या माणसाकडे बघायला लागला. गल्ला म्हणाला, "सगळीकडे असंच असतं." बायकोनं माझी बाही ओढली. चोपन्न रुपयांसाठी दिवाळीत तमाशा नको, असा त्या ओढण्याचा अर्थ. पण मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आमचंही शून्य करा बरं का." मग रांगेतून आणखी एक बाई. गल्ल्यावरच्या माणसानं हातानंच खूण केली आणि पोऱ्यानं बटण दाबलं. पेढे बरे होते. साखर जरा जास्त.

मला राग चोपन्न रुपयांचा आला नव्हता, 'सगळीकडे असंच असतं' याचा आला होता. आमच्या भागात ऊस कारखान्यावर जातो तिथे काटा मारण्याची, म्हणजे वजन कमी दाखवण्याची, बोलणी पिढ्यान्‌पिढ्या चालतात. दहा टनांच्या ट्रॉलीवर दोन टक्के मारले तरी दोनशे किलो ऊस हवेत जातो. म्हणून शंकेखोर शेतकरी आधी बाहेरच्या वजनकाट्यावर ट्रॉली चढवून चिठ्ठी खिशात घालतो, मग आत जातो. ही खरी सावध माणसं. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्याचं काय करायचं ते मात्र त्यांनाही सुचणार नाही. तिथे काटा कुणी मारतच नाही. किंमत पाचच, पुड्याचा रंग तोच, वजन दर दोन-तीन वर्षांनी थोडं बारीक आणि ते छापलेलंही अगदी खरं. पूर्वी बिस्किटं, चहा अशा काही वस्तूंची पाकिटं ठरावीक वजनांतच विकायची सक्ती होती, ती उठली. त्याऐवजी एका ग्रॅमचा भाव छापायला सांगितलाय. छापतात. चष्मा लावून, पुडा उजेडाकडे तिरपा धरला की वाचता येतो. यात बेकायदा काही नाही, आणि म्हणूनच मला मिठाईवाला त्या मानानं भाबडा वाटतो.

आजोबांची लोखंडी वजनं दोन वर्षांनी पासिंगला, म्हणजे सरकारी तपासणीला जात. षट्‌कोनी वजनाच्या बुडाला एक भोक असतं, त्यात शिसं ओतलेलं असतं आणि त्या शिशावर निरीक्षक शिक्का मारतो. वजन झिजलं तर थोडं शिसं घालायचं, जड असलं तर खरवडायचं. आजोबांचं वजन निरीक्षकाच्या वजनाशी ताडलेलं, निरीक्षकाचं त्याच्या वरच्याशी, असं करत ती साखळी दिल्लीतल्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाई. तिथे प्लॅटिनम-इरिडियमचा ५७ क्रमांकाचा किलो आहे. तो पॅरिसजवळ सेव्हर इथे तिजोरीत ठेवलेल्या १८८९ च्या मूळ किलोशी ताडलेला. आणि गंमत अशी की त्या मूळ किलोची त्याच्याच भावंडांशी तुलना केली, तेव्हा शंभर वर्षांत त्यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमची तफावत पडलेली निघाली. अख्ख्या जगाच्या किलोलाच पासंग लागत होता म्हणायचा! शेवटी २० मे २०१९ पासून त्या धातूच्या दंडगोलाला निवृत्त केलं आणि किलोची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावर टाकली. आता किलो कुठल्याच तिजोरीत नाही. आजोबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग पासिंगला न्यायचं काय?

दुकान १९८५ ला बंद झालं. त्यातलं एक किलोचं वजन माझ्या वाट्याला आलं. आमच्या घरी ते पनीरवर दाबण म्हणून ठेवतात. मुलीनं केकसाठी छोटा डिजिटल काटा आणलाय. मागच्या रविवारी सहज ते वजन त्यावर ठेवलं. ९८४.

आधी काट्यावर संशय घेतला. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी ठेवली. दूध पाण्यापेक्षा थोडं जड, म्हणजे ५१५ च्या आसपास यायला हवं. पिशवी धरून ५१७ आलं. काटा शहाणा होता. मग वजन उलटं केलं. बुडाचं भोक रिकामं. शिसं नाही, शिक्का नाही, भोकाच्या आत गंज आणि पनीरचं वाळलेलं पाणी.

लहानपणी गावातली पोरं कृष्णेवर गळ टाकायला जात आणि गळाला भार म्हणून शिसं हवं असे. माझा थोरला भाऊ त्यांच्यात असायचा, निदान मला तसं आठवत होतं. रात्री त्याला फोन केला. आजोबांच्या वजनाचं शिसं तू काढलं होतंस का, असं सरळच विचारलं.

"मी?" तो हसला. "अरे, मी कधी मासे धरले? आजोबा पाण्याकडे फिरकू तरी द्यायचे का आपल्याला?"

मग त्यानं त्याच्या गुडघ्याचं सांगितलं, मी माझ्या साखरेचं सांगितलं. फोन ठेवला, वजन धुऊन पुसलं आणि पनीरवर ठेवून दिलं.