चोवीस तासांची लघवी, तीन वेळा

मुतखडा पडला ती गोष्ट सांगत बसत नाही. ज्यांनी भोगलंय त्यांना माहीत आहे, बाकीच्यांना सांगून कळणार नाही. माझा राग आहे तो नंतरच्या तपासणीवर. तपासणीवरही नाही, ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांवर तर नाहीच. राग आहे लॅबच्या काउंटरवर.

खडा दुसऱ्यांदा झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "सर, आता चोवीस तासांची लघवी तपासू. खडा का होतो ते तरी कळेल." खडा पडल्यावर दीडेक महिना थांबायचं आणि रोजचं खाणंपिणं आहे तसंच ठेवून लघवी साठवायची. त्या दिवशी शहाण्यासारखं तांब्या-तांब्या पाणी प्यायचं नाही, नाहीतर रिपोर्ट तुमचा नाही, तुमच्या सोंगाचा येतो.

दीड महिना संपला तो एप्रिलात. जळगावचा एप्रिल, पारा चव्वेचाळीसवर. काउंटरवरच्या भाऊंनी कानाखांद्यात मोबाईल धरूनच पाच लिटरचा पांढरा कॅन पुढे सरकवला. "उद्या सकाळी सात ते परवा सकाळी सात. सगळी यात." बस, एवढंच.

कॅन थंड जागी ठेवायचा हे मला माहीत होतं. पण फ्रीजचं नाव काढताच बायकोनं दह्याच्या पातेल्याकडे बोट दाखवलं आणि विषय संपला. मग मोरीत बादली, बादलीत कॅन, त्यावर ओलं गोणपाट. दर दोन तासांनी गोणपाट भिजवायचं. रविवार गेला. सोमवारी सकाळी किराण्याच्या पिशवीत कॅन घालून मोटारसायकलवर निघालो, प्रत्येक गतिरोधकाला जीव मुठीत. काउंटरवर दुसरे भाऊ. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि विचारलं, "यात अॅसिड कुठंय?"

अॅसिड मी घरून आणायचं होतं का?

तर प्रकार असा. कॅल्शियम आणि ऑक्झलेट (बहुतेक खडे या दोघांचे मिळून बनतात) मोजायचं असेल तर त्यांच्या लॅबला कॅनमध्ये आधीच थोडं हायड्रोक्लोरिक अॅसिड लागतं, नाहीतर ते तळाशी बसतं आणि आकडा कमी येतो. युरिक अॅसिडसाठी मात्र हे अॅसिड चालत नाही, त्याची सोय वेगळी. म्हणून कॅन हातात घेतल्याबरोबर विचारा: यात काय घातलंय, आणि माझ्या कागदावरच्या सगळ्या तपासण्या या एका कॅनमध्ये होतील का? अॅसिड असेल तर थेट कॅनमध्ये करू नका. मगात करून ओता, सावकाश, शिंतोडे उडतात.

दुसऱ्या वेळी अॅसिडचा कॅन मिळाला. किरकोळ रजा टाकली. पुन्हा मोरी, बादली, गोणपाट. रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. क्रिएटिनीन, म्हणजे स्नायूंतून रोज जवळपास तेवढंच निघणारं टाकाऊ द्रव्य, दोन ग्रॅमच्या वर. माझं वजन बहात्तर किलो. पुरुषाच्या लघवीतून दिवसाला किलोमागे साधारण वीस ते पंचवीस मिलिग्रॅम क्रिएटिनीन जातं, म्हणजे माझं साधारण एक पूर्णांक चार ते एक पूर्णांक आठ ग्रॅममध्ये यायला हवं होतं. गोळा केलेली लघवी खरंच चोवीस तासांची आहे का, हे त्याच आकड्यावरून ताडतात. डॉक्टरांनी विचारलं, "पहिल्या दिवशी सकाळी उठल्यावरची पहिली लघवी कॅनमध्ये टाकली?"

टाकली. "सगळी यात" म्हणाले होते ना!

ती टाकायची नसते. ती रात्रभराची, म्हणजे आदल्या दिवसाची. ती संडासात सोडायची, घड्याळ बघून वेळ लिहायची आणि तिथून मोजणी सुरू. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची मात्र कॅनमध्ये घ्यायची. एवढं एक वाक्य! मी काउंटरवर जाऊन म्हटलं, हे एका कागदावर छापून द्या की. भाऊ म्हणाले, "सर, सगळ्यांना माहीत असतं." मी बावीस वर्षं विज्ञान शिकवतो. मला माहीत नव्हतं. तिसऱ्या वेळचे पैसेही घेतले, आणि रजा आणखी एक.

तिसरा रिपोर्ट बरोबर आला. कॅल्शियम ठीक. सोडियम जास्त, आणि एकूण लघवी फक्त अकराशे मिली. खडेवाल्यांना दिवसाला अडीच लिटर लघवी व्हायला हवी. मी सलग तास घेतो, आणि शाळेच्या मुतारीत जावंसं वाटत नाही म्हणून पाणीच पीत नव्हतो. सोडियम वाढलं की लघवीतून कॅल्शियमही जास्त जातं, म्हणजे पापड, लोणचं आणि आमची शेवभाजी यांचा हिशेब निघाला.

गंमत म्हणजे घरी दोन महिने माझं दूध-दही बंद होतं. "कॅल्शियमचा खडा ना, मग?" डॉक्टरांनी हात जोडले. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं, ते तोडलं तर ऑक्झलेट मोकळं होऊन लघवीत उतरतं. इटलीत लघवीतून जास्त कॅल्शियम जाणाऱ्या, वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांचे दोन गट करून पाच वर्षं पाहिलं होतं, २००२ साली छापून आलं. कमी कॅल्शियम खाणाऱ्या ६० पैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. कॅल्शियम नेहमीएवढं पण मीठ आणि मांसाहार कमी, अशा ६० पैकी १२ जणांनाच.

भरीतही बंद होतं. आई पारोळ्याकडची. "वांगानं बी पोटमा जाईसन खडा व्हस रे भाऊ." बी पोटातून किडनीत जात नाही, हे तिला चित्र काढून दाखवलं. चित्र छान आहे म्हणाली.

खडा पडताना चहाच्या गाळणीत धरा, हे आधी सांगायला हवं होतं. तो तपासून कशाचा आहे ते कळतं. माझा कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला, बहुतेकांचा तोच असतो. गाळणी नवी घ्या आणि नंतर फेकून द्या.

आणि कॅनवर नाव लिहायला मार्कर घरून न्या. त्यांच्या पेनानं लिहिलेलं माझं नाव गोणपाटाच्या पाण्यानं पुसलं गेलं होतं, आणि तिसऱ्या वेळी त्या काउंटरवर तसेच तीन कॅन ओळीनं उभे होते.