आमची वाटचाल : गस्ती नौकांच्या आतलं काम

आमचं मूळ काम सुतारकाम. मुंबईच्या दारूखाना भागात टग (जहाजं ओढणाऱ्या बोटी), लाँच आणि मच्छीमार बोटींची व्हीलहाउस (बोट चालवायची केबिन), बंक (झोपायच्या बर्थ), कपाटं बनवायची. मरीन प्लाय, वर सनमायका, कडेला सागवानी पट्टी. टगवर दोन-चारशे किलो वजन वाढलं तरी कुणी विचारत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावरची गस्त वाढली. सागरी पोलिसांच्या ५ टनी आणि १२ टनी बोटी पाण्यात दिसू लागल्या, २००९ साली नौदलात सागर प्रहरी बल उभं राहिलं. वेगानं धावणाऱ्या हलक्या बोटींची आतली कामं मुंबईतल्या छोट्या वर्कशॉपपर्यंत येऊ लागली, आणि आमची हत्यारं, माल, मोजमापाची रीत सगळंच बदलत गेलं. पुढे लिहिलं आहे ते सर्वसाधारण पद्धतीबद्दल. ठरावीक बोटीचं ड्रॉइंग किंवा माप आम्ही कुठेही देत नाही.

पहिला बदल वजनाचा. १८ मिमी मरीन प्लाय (आयएस ७१० या भारतीय मानकाचा) एका चौरस मीटरला १२-१३ किलो भरतो, दोन्ही बाजूंनी लॅमिनेट लावलं की १५ च्या घरात. ॲल्युमिनियम हनीकोंबचं (आत मधाच्या पोळ्यासारखी पोकळ जाळी असलेलं) २५ मिमी पॅनल ७ किलोच्या आसपास. लहान गस्ती नौकेत ६० चौरस मीटर लाइनिंग (भिंती-छताचं आतलं आवरण) धरलं तर फरक ४८० किलोचा, म्हणजे जवळजवळ ५७० लिटर डिझेलचा. पाण्यावर उचलून धावणाऱ्या बोटीत एवढं वजन थेट वेगातून वजा होतं. शिवाय वजन किती याइतकंच ते कुठे आहे हेही पाहावं लागतं. व्हीलहाउसच्या छतात लावलेले २० किलो गुरुत्वमध्य वर नेतात, तेच बिल्जजवळ (बोटीच्या तळाशी) लावले तर उलट स्थिरतेला मदत होते. म्हणून आमच्याकडे वजनवही असते: प्रत्येक पॅनल, बिजागरी, गादी काट्यावर ठेवून वजन लिहायचं, सोबत फ्रेमचा (बोटीच्या आडव्या फासळीचा) नंबर आणि कीलपासूनची (तळाच्या कण्यापासूनची) उंची. गोंद आणि सीलंटसुद्धा डब्यागणिक लिहायचे. बोट बांधणाऱ्या यार्डाची इन्क्लाइनिंग टेस्ट (बोट थोडी कलवून गुरुत्वमध्य काढायची चाचणी) होते तेव्हा ही वही मागतात, आणि तिथे अंदाज चालत नाही.

दुसरा बदल मोजमापाचा. घरातल्या किचनचं काम करणारा कारागीर पहिल्या दिवशी ओळंबा आणि पाणसळ काढतो. तरंगत्या बोटीत दोन्ही निरुपयोगी. स्लिपवर चढवलेली बोटसुद्धा नाकावर किंवा मागे झुकलेली असते. मापं सेंटरलाइन आणि फ्रेमवरच्या खुणांवरूनच घ्यायची. ॲल्युमिनियमच्या बोटीत वेल्डिंगच्या उष्णतेनं प्लेट ओढली जाते, त्यामुळे ड्रॉइंगमध्ये सरळ असलेली बाजू प्रत्यक्षात ८-१० मिमी आत-बाहेर असते. ड्रॉइंगवरून थेट पॅनल कापलं की ते बसत नाही, मग कारागीर रंधा मारून बसवतो आणि कडेचं सील जातं. आम्ही ४ मिमी प्लायच्या पट्ट्या गरम गोंदानं जोडून जागेवरच फर्मा करतो, त्यावर फ्रेम नंबर, वरची बाजू आणि पुढची दिशा लिहितो, मग वर्कशॉपमध्ये कापतो. फर्म्यावर दिशा लिहायची राहिली तर डावी-उजवी उलटते. बोटीच्या दोन बाजू आरशातल्या असतात, एकसारख्या नसतात.

वस्तू आत न्यायची वाट हाही मापाचाच भाग. खालच्या कप्प्यांत बहुतेक वेळा हॅचमधूनच (डेकमधल्या झाकणाच्या वाटेनं) जावं लागतं, आणि ती ६०० बाय ६०० मिमी असली तर कपाट अखंड नेता येत नाही. सगळं सुटं करून आत जोडायचं. भरती-ओहोटीत जेटी आणि डेक यांच्यातलं अंतर तीन-चार मीटरनं बदलतं, म्हणून मोठी पॅनलं चढवण्याची वेळ आम्ही भरतीच्या तक्त्यावरून ठरवतो.

१५ ते २० मीटरच्या नौकेत पुढून मागे साधारण असं असतं: नाकाशी नांगराच्या साखळीचा कप्पा, मग कोलिजन बल्कहेड (टक्कर झाली तर पाणी अडवणारी आडवी भिंत), त्यामागे खलाशांचे बंक आणि मेस, मधोमध व्हीलहाउस, मग इंजिनरूम, शेवटी वॉटरजेट किंवा स्टिअरिंगची जागा. बोट लाटेवर आपटते तो मार पुढच्या तिसऱ्या भागात सर्वांत जास्त. वेगात असताना पुढच्या बंकवर कुणी झोपू शकत नाही. ते नांगर टाकून थांबल्यावरचे. व्हीलहाउस मधोमध ठेवतात कारण तिथे हालचाल कमी जाणवते. जलरोधक बल्कहेडला दार पाडायचं नसतं, त्यामुळे प्रत्येक कप्प्याला वरून स्वतंत्र वाट हवी, आणि जिथे माणसं झोपतात तिथे दुसरी सुटकेची वाटही. ती हॅच आत-बाहेर दोन्हीकडून उघडली पाहिजे आणि तिच्याखाली काहीही येता कामा नये. जागेच्या हव्यासापोटी तिथेच एखादा लॉकर सुचवला जातो. आम्ही तो घेत नाही.

बंक बोटीच्या लांबीच्या दिशेनं लावायचे. आडवे लावले तर रोलिंगमध्ये माणसाचे पाय एकदा वर, एकदा खाली जातात आणि झोप लागत नाही. व्यापारी जहाजांसाठी एमएलसी २००६ (खलाशांच्या कामाच्या अटींचा आंतरराष्ट्रीय करार) मध्ये किमान माप १९८ बाय ८० सेंमी आहे. युद्धनौकांना तो करार लागू नाही, आणि लहान नौकेत रुंदी ६५-७० सेंमीवर आणावी लागते. मग खांद्यापाशी अडवणारी फळी किंवा कॅनव्हासचा पडदा नीट घट्ट हवा. गादीखाली सलग पत्रा नको. पट्ट्या लावून मध्ये २५-३० मिमी फट सोडायची, नाहीतर मुंबईच्या पावसाळ्यात फोम खालून काळा पडतो.

आगरोधक इन्सुलेशनला आम्ही सर्वांत जास्त वेळ देतो. ए-६० हा आगरोधक भिंती-डेकचा दर्जा, म्हणजे प्रमाणित चाचणीत ६० मिनिटं आगीच्या उलट बाजूचं सरासरी तापमान १४० अंशांपेक्षा जास्त वाढायला नको, आणि कुठल्याही एका बिंदूवर १८० पेक्षा जास्त नको. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण ताकद त्याच्या खूप आधी जाते. म्हणून भार पेलणाऱ्या ॲल्युमिनियमच्या गाभ्याचं तापमान २०० अंशांपेक्षा जास्त वाढू द्यायचं नाही, असा वेगळा निकष आहे. इंजिनरूमचं बल्कहेड जिथे डेकला मिळतं तिथून उष्णता धातूतून पुढे सरकते, त्यामुळे इन्सुलेशनची लोकर (न जळणाऱ्या तंतूंची) त्या सांध्यापुढे किमान ४५० मिमी न्यावी लागते. नेमकी हीच जागा केबल ट्रेची असते. इलेक्ट्रिशियन नंतर येतो, केबल घालायला लोकर उपटतो आणि परत कोंबून ठेवतो; वरून दिसत काही नाही. फॉइल फाटलेलं असलं की डिझेल-ऑइलचे तुषार लोकरीत मुरतात, आणि आग अडवायला लावलेली वस्तूच पेटायला तयार होते.

म्हणून क्रम आधी कागदावर ठरवून त्यावर यार्डाची सही घेतो. सगळं वेल्डिंग आणि लोकर अडकवायच्या पिन, मग रंग, मग केबल ट्रे आणि पाइपचे क्लिप, मग लोकर, तिच्या सांध्यांवर फॉइल टेप, मग केबल, नंतर सीलिंग, लाइनिंग, शेवटी फ्लोअर आणि फर्निचर. लाइनिंग बंद करण्याआधी प्रत्येक फ्रेममधला फोटो काढून फाइलला लावतो. लोकर लागल्यावर कुणाला वेल्डिंग करायचंच असेल तर मागच्या कप्प्यातली लोकर आधी काढायची आणि तिथे फायर वॉचला (आगीवर नजर ठेवायला) माणूस उभा करायचा.

स्टेनलेस स्क्रू थेट ॲल्युमिनियममध्ये मारला की खाऱ्या हवेत भोवती पांढरी पावडर फुलते आणि भोक मोठं होत जातं. नायलॉन वॉशर आणि दातांवर इन्सुलेटिंग पेस्ट लावल्याशिवाय स्क्रू बसवायचा नाही, आतल्या कोरड्या भागातही.

व्हीलहाउसमध्ये काचा वरून बाहेर कलत्या असतात. मोठ्या जहाजांच्या नियमात १० ते २५ अंश दिले आहेत, लहान नौकेतही तेच सोयीचं; आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब डोळ्यांत येत नाही. डॅशबोर्ड मॅट काळा, एकही चकचकीत पट्टी नको, आणि प्रत्येक दिव्याला डिमर. चुंबकी होकायंत्राजवळ स्पीकर किंवा कपाटाचा मॅग्नेट कॅच ठेवला तर सुई भरकटते. या भागात कपाटांना आम्ही फक्त यांत्रिक खटके लावतो. शॉक सीट (लाटेचा धक्का झेलणारी खुर्ची) १५०-२०० मिमी खाली-वर होते. सीट पूर्ण खाली गेलेली असताना गुडघा कन्सोलला लागतो का, आणि नजर काचेच्या कडेखाली जाते का, हे प्लायच्या पूर्ण आकाराच्या मॉक-अपमध्ये माणूस बसवूनच पाहायचं. सीटचे बोल्ट फ्लोअर पॅनलमध्ये घेऊ नयेत, खालच्या बीमपर्यंत आणि मागे जाड प्लेट देऊन घ्यावेत. लाटेवरच्या एका जोरदार आपटीत माणसाचं वजन कितीतरी पटीनं त्या चार बोल्टांवर येतं.

एसीचे थंड डक्ट घाम धरतात. त्यांना रबर इन्सुलेशन पूर्ण हवं, आणि ते स्विचबोर्डवरून नेऊ नयेत.

शेवटचा मुद्दा झाकणांचा. सीकॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह), बिल्ज सक्शन (तळातलं पाणी उपसायची नळी), केबल ग्लँड (भिंतीतून केबल जाते तिथलं सील), टाकीचं मॅनहोल, यातलं काहीही फर्निचरखाली कायमचं बंद होता कामा नये. फ्लोअरच्या पाट्या एका माणसाला उचलता येतील एवढ्याच, वर क्वार्टर टर्न (पाव फेरीत उघडणारे) खटके, आणि सीकॉकवरच्या पाटीला वेगळा रंग, म्हणजे पाणी शिरलं तर अंधारातही टॉर्चच्या एका झोतात ती सापडते.

नव्या कामाची चौकशी करताना फ्रेमचं ड्रॉइंग, हॅच आणि दारांची मोकळी मापं, आतल्या कामाला मिळालेली वजनाची मर्यादा आणि आगरोधक विभागांचा नकाशा एवढं पाठवा. गोपनीय कागद ईमेलवर नकोत. ते यार्डात येऊन, नोंदवहीत सही करूनच आम्ही पाहतो.