गांधी, खाज आणि रोजची एक गोळी

संध्याकाळी कमरेपाशी, जिथे नाडी घट्ट बसते तिथे खाज सुरू व्हायची. रात्रीची जेवणं होईपर्यंत पोटावर, मांड्यांवर लालसर गांधी उठलेल्या. सकाळी अंग परत स्वच्छ. सासूबाई आमसुलं भिजवून त्याचं पाणी लावायच्या. गार वाटायचं, पण तेवढ्यापुरतंच. वांगी, शेंगदाणे, मासे बंद करूनही फरक पडला नाही.

शेवटी गंगापूर रोडवरच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी पेनाच्या बोथट टोकाने माझ्या हातावर रेघ ओढली. बोलता बोलता ती रेघ टरारून फुगली. त्वचेतल्या मास्ट पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात, त्याने बारीक रक्तवाहिन्या पसरतात आणि त्यांतून पाणी झिरपतं, म्हणून सूज. तेच हिस्टामिन मज्जातंतूंना डिवचतं, म्हणून खाज. यावरची अँटीहिस्टामिन गोळी हिस्टामिन पुसून टाकत नाही. ते जिथे जाऊन चिकटतं त्या एच-१ रिसेप्टरवर ती आधीच ठाण मांडते. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसं. रुमाल आधी पडला तरच उपयोग! म्हणून खाज सुटल्यावर नाही, रोज ठरल्या वेळी घ्यायची.

माझी अडचण झोपेची होती. सातपूरला कंपनीत मशीनवर उभं राहायचं, आणि आधी मिळालेली क्लोरफेनिरामीनची गोळी घेतली की डोळे मिटायचे. जुन्या गोळ्या मेंदूपर्यंत पोचतात. सेट्रिझिनने गुंगी कमी येते, तरी काहींना येतेच. मला फेक्सोफेनाडीन दिली. ती पाण्यासोबतच घ्यायची. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतली तर अंगात कमी शोषली जाते.

सहा आठवड्यांहून जास्त टिकलं की डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात, आणि पुष्कळांत नेमकं कारण सापडतच नाही. हे ऐकून घरचे नाराज झाले, मला मात्र हायसं वाटलं. पथ्याचा जाच संपला. एका गोळीने भागलं नाही तर मात्रा चौपटीपर्यंत वाढवता येते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. ओठ-जीभ सुजली, श्वास अडकला तर मात्र गोळीच्या भरवशावर बसू नका. ते काम अ‍ॅड्रेनालिनच्या इंजेक्शनचं, तडक हॉस्पिटल गाठा.

गांधी थांबल्यावरही बाईंनी गोळी लगेच बंद केली नाही. सध्या दिवसाआड चालू आहे.