उरले 4 दिवस

आज डबा खाता खाता सहज मोजलं, ऑफिसचे फक्त 4 दिवस उरलेत. 14 वर्षं लोकांचे हिशेब जुळवले, आता 1 तारखेपासून घरीच आठवी ते दहावीचे गणिताचे क्लास. पहिले काही महिने पैसे किती मिळतील, ते आईला अजून सांगितलेलं नाही.

सकाळी डोंबिवलीहून चक्क विंडो सीट मिळाली. कानात नेहमीप्रमाणे कुमार सानू. कुर्ल्याला धक्का बसला, इअरफोनची पिन निसटली आणि तो नाकातला आवाज अख्ख्या लेडीज डब्यात घुमला! मी फोन दाबून धरतेय तोवर समोरच्या काकू म्हणाल्या, "अगं राहू दे की, कडवं तरी संपू दे."

ऑफिसात कुणी आवडता गायक विचारला की मी इतकी वर्षं भीमसेन जोशी सांगत आले. (पंडितजी, माफी असावी. ऐकलंय, पण घोरत.) सानूदांनी 1991 ते 1995 सलग 5 फिल्मफेअर उगाच नाही मिळवली! आज जेवताना सगळ्यांसमोर कबूल करून टाकलं. साहेब आधी हसले, मग हळूच म्हणाले, "मला अलका याज्ञिक."

रात्री आईबरोबर मालिका. सुनेला आजही कुणी खरं सांगितलं नाही.